कूलर बसवताना पडला

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून खाली येतात आणि त्यांच्यामागोमाग दोन-चार माणसंही खाली येतात. कोणी स्टुलावरून, कोणी शिडीवरून, कोणी खिडकीच्या सज्ज्यावरून. त्यामुळे कोराडी रोडवरच्या त्या लहानशा दवाखान्यात अनुसया जेव्हा म्हणाली, की पोरगा त्याच्या मामाच्या घरी कूलर बसवताना स्टुलावरून पडला, तेव्हा कागद भरणाऱ्या मुलीनं मानसुद्धा वर केली नाही. त्या आठवड्यातला हा तिसरा कूलर होता.

अनुसयाला खोटं बोलता येत नसे, असं काही नाही. येतं सगळ्यांनाच. पण तिचं खोटं आजवर लग्नाच्या पंगतीत ‘पोट भरलं’ म्हणण्यापलीकडे गेलं नव्हतं. हे खोटं तिला तिच्या धाकट्या भावानं, जागेश्वरनं, दवाखान्याच्या फाटकात शिकवलं होतं. तिनं ते पाठ केलं आणि शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं.

ती कोष्ट्याची लेक, कोष्ट्याचीच सून. घरात हातमाग होता तोवर सुताच्या कांड्या भरल्या. माग मोडीत निघाला तशी नंदनवनातल्या एका शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायला लागली. नवरा रुपराव जाऊन चौदा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा अंकुर, सव्वीस वर्षांचा, मामाच्या कारखान्यात कामाला. जागेश्वर कोराडीच्या बाहेर राखेच्या विटा पाडायचा. पॉवर हाऊसच्या राखेनं तिकडचे लोक कपडे वाळत घालता येत नाहीत म्हणून कुरकुरतात, जागेश्वरनं त्याच राखेवर दोन मजली घर उभं केलं होतं. अनुसयाला त्याचा कोण अभिमान. आई गेली तेव्हा जागू सहा वर्षांचा होता आणि ती बारा. एका हातानं चरखा फिरवत, दुसऱ्या हातानं मांडीवरच्या जागूला थोपटत तिनं त्याला वाढवलं होतं; थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला ‘बाई’ म्हणायचा. तिचा पहिला लेक जागेश्वर आणि दुसरा अंकुर, असं ती हसून सांगायची, आणि त्यात हसण्यासारखं फार थोडं होतं.

त्या मंगळवारी साडेदहाला जागेश्वरचा फोन आला. अंकुर कारखान्यात विटांच्या थप्पीवरून पडला, म्हणाला. थप्पी कमरेएवढी, घाबरायचं कारण नाही, छातीला जरा मुका मार आहे. ती खिचडी अर्धी सोडून, ऑटो बदलत बदलत बारा वाजता पोचली, तर हा फाटकातच उभा.

“बाई, येवढंच सांग, का माह्या घरी कूलर बसवताना स्टुलावरून पडला. कारखान्याचं नाव घेशीन तं पोलीस केस होते. न् पोलीस आल्याबिगर हे लोक पेशंटले हात नाई लावत. तुले मी सांगाले पाह्यजे का? रुपरावभाऊजीच्या वेळी काय झालं?”

त्यानंतर अनुसयानं एक प्रश्न विचारला नाही. रुपरावला उमरेड रोडवर ट्रकनं उडवलं होतं. ज्या दवाखान्यात नेलं तिथं आधी ठाण्याचा कागद आणा म्हणाले. कागद आणायला धावला होता हाच जागेश्वर. अडीच तासांनी तो कागद घेऊन आला, तोवर रुपरावच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. पोलीस केस हा शब्द ऐकला की तेव्हापासून अनुसयाचे हातपाय गार पडत. तिला तो शब्द दाखवला की ती कुठंही चालायला तयार होईल, हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

खोट्याचा एक गुण असतो. ते एकदा बोललं की त्याला नटवावंसं वाटतं. दुपारी डॉक्टर रजत तपासायला आले. तरुण होते, चष्मा सारखा वर सारायची सवय होती. अनुसयानं त्यांना न विचारताच सांगितलं, की स्टूल आधीपासूनच डुगडुगत होतं, मी दहादा म्हटलं बदला म्हणून. डॉक्टरांनी अंकुरलाही विचारलं. त्यानं डोळे मिटूनच सांगितलं, हो, स्टुलावरून. एक्स-रे झाला. दोन बरगड्यांना तडा होता. स्टुलावरून पडलेल्या माणसाच्या दोन बरगड्या मोडल्या तर त्यात शोधण्यासारखं काय असणार? दुखण्याचं इंजेक्शन दिलं, एक दिवस नजरेखाली ठेवू म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

संध्याकाळी जागेश्वर डबा घेऊन आला. त्याचा मुलगा चंदन आला नाही. एरवी अंकुर आणि चंदन ही जोडी तुटत नसे. दोघं मामेभाऊ-आतेभाऊ पहाटे पाचला मैदानावर पळायला जायचे, दोघांनी मिळून पोलीस भरतीची तयारी केली होती. अंकुर मोजमापात गेला. छाती फुगवल्यावर एक सेंटीमीटर कमी भरली. चंदन मैदानी परीक्षेत पास झाला, लेखीत पास झाला, आता नुसती चारित्र्य पडताळणी उरली होती. ती झाली की अंगावर वर्दी. चंदन त्याच कागदांच्या मागे फिरून राहिला, असं जागेश्वर म्हणाला. अनुसयाला ते खरं वाटलं. तिला त्या दिवशी काहीही खरं वाटत होतं.

सकाळी अंकुरनं पाणी मागितलं आणि ती दचकली. आवाज त्याचा नव्हता. घोगरा, फाटका, कोणी म्हातारा बोलावा तसा. तिनं त्याचा डावा हात हातात घेतला, तर तो माठासारखा गार. उजवा मात्र ऊन होता. ती धावत जाऊन नर्सला घेऊन आली, नर्सनं डॉक्टरांना आणलं.

डॉक्टर रजतनी उजव्या हाताचं बीपी घेतलं. मग डाव्या हाताचं. मग पुन्हा उजव्या हाताचं, यंत्र बदलून. दोन हातांत साठाचा फरक होता. त्यांनी नवा एक्स-रे काढायला लावला, कालच्या एक्स-रेशेजारी तो उजेडात धरला. छातीच्या मधोमधची सावली रात्रीतून रुंद झाली होती. मग त्यांनी अंकुरचा शर्ट पूर्ण काढला, जो काल बरगड्या दुखतात म्हणून अर्धाच वर केला होता, आणि त्याला अलगद कुशीवर वळवलं. छातीवर एक निळाकाळा सरळ पट्टा होता, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत. पाठीवर तसाच आडवा दुसरा.

ते अनुसयाला दाराबाहेर घेऊन गेले. “आई, स्टुलावरून पडलेला माणूस एका बाजूनं पडतो,” ते म्हणाले. “ह्याला दोन्हीकडून दाबलंय. मला खरं सांगा. स्टूल म्हणालात म्हणून मी काल पुढं काही शोधलंच नाही. जे मला वाटतंय ते असेल तर आपल्याकडे वेळ नाही.”

तिनं अर्धं खोटं परत घेतलं. कारखान्यात पडला, विटांच्या थप्पीवरून, कमरेएवढ्या. डॉक्टरांनी मान हलवली. थप्पीवरूनही नाही. ती आत गेली, अंकुरला विचारलं. पडलो म्हणाला, आणि तोंड फिरवलं. तिनं जागेश्वरला फोन लावला. “पडलाच ना बाई, डॉक्टरायले तं काहीतरी मोठं करून सांगाची आदत असते,” तो म्हणाला.

मग तिनं पार्वतीबाईला फोन लावला. पार्वतीबाई कारखान्यात विटांना पाणी मारायची, दोघी एका गावच्या. तिनं आधी अंकुर कसा आहे ते विचारलं. मग पार्वतीबाईनं सांगितलं. राख भरायचा लोडर चंदन चालवत होता. लायसन नव्हतं, पण बापाच्या आवारात कोण विचारतं. अंकुर समोरच थप्पीला टेकून विटांचा हिशेब करत उभा. चंदनला लोडर मागं घ्यायचा होता, तो पुढं आला. लोडरच्या पुढचं लोखंडी खोरं छातीवर आणि थप्पी पाठीला, मध्ये अंकुर. सगळ्यांनी पाहिलं होतं. शेठनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि ताकीद दिली. “मले वाटलं तुम्हाले तरी सांगतलं असन,” पार्वतीबाई म्हणाली. “सख्खी बहीण हाय तुम्ही.”

अनुसया फोन धरून उभी राहिली. भावानं आपल्याशी खोटं बोलावं, हे तिच्या डोक्यात शिरायला जागा सापडेना. तिनं खोटं बोलायचं ठरलं होतं ते डॉक्टरांशी, पोलिसांशी, जगाशी. त्या जगात तिलाही धरलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. आईच्या तोंडचं कोणी तपासून पाहत नाही म्हणून तिचं तोंड वापरलं होतं. ती तशीच डॉक्टरांकडे गेली आणि लोडर, खोरं, थप्पी, सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

पुढं सगळं भराभर झालं. शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन निघाला. डॉक्टर रजतनी धरमपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात स्वतः फोन केला, अँब्युलन्समध्ये स्वतः बसले आणि वाटेत तीनदा ड्रायव्हरला गतिरोधक जपून घ्यायला सांगितलं. अनुसयानं अंकुरचा गार हात धरून ठेवला होता. माफी कोणी कोणाची मागायची, हे दोघांनाही कळत नव्हतं.

धरमपेठेतल्या डॉक्टर प्रणाली रक्तवाहिन्यांच्या सर्जन. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून कापलेलं. पण त्यांनी अनुसयाला खुर्चीवर बसवलं आणि स्कॅन दाखवून समजावलं. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिला महाधमनी म्हणतात, ती छातीत वळते तिथं फाटली आहे. तिला तीन पदर असतात. आतले दोन फाटलेत, बाहेरचा पातळ पदर तेवढा रक्त धरून आहे. तो सुटला तर दोन मिनिटंही मिळणार नाहीत.

अनुसयाला ते एका कोष्टिणीला कळावं तसं कळलं. आतलं सूत तुटलेलं असतं, कापड नुसत्या खळीवर उभं असतं. दिसायला धड, हात लावला की गेलं.

“अशी जखम झालेले दहातले आठ दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “जे पोचतात त्यांना पहिल्याच दिवशी धोका असतो. तो दिवस तुमच्या मुलानं पेनकिलरवर काढला. काल अकरा वाजता मला कोणी सांगितलं असतं की लोडरनं दाबलाय, तर काल साडेअकराला मी हा स्कॅन केला असता.”

ऑपरेशन कसं, तेही सांगितलं. आधी मानेजवळ छोटी चीर देऊन डाव्या हाताच्या रक्तवाहिनीला नवा जोड द्यायचा, कारण तिचं मूळ तोंड झाकावं लागणार. मग जांघेतून एक घडी घातलेली नळी वर सरकवत फाटलेल्या जागेपर्यंत न्यायची आणि तिथं उघडायची, म्हणजे रक्त नळीच्या आतून जाईल आणि फाटक्या भिंतीवरचा जोर उतरेल. छाती उघडावी लागणार नाही. पण नळी जागेवर जाईपर्यंत काहीही होऊ शकतं, त्याची सही द्या.

सही करताना अनुसयानं भीत भीत विचारलं, की पोलीस यायचे आहेत का, ते येईस्तोवर थांबणार का. डॉक्टर प्रणालींना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. “कोणी सांगितलं तुम्हाला? आम्ही पोलिसांना कळवतो आणि कामाला लागतो. केस असो नाहीतर नसो, उपचार आधी. लहान दवाखाना असला तरी हेच. आता असं कोणी थांबवत नाही, थांबवलं तर तोच गुन्हा आहे.”

म्हणजे तेही खोटं होतं. अनुसयाला वाटलं, लोडरचं लपवलं ते पोराच्या प्रेमापोटी लपवलं, असं एखादवेळ म्हणता येईल. पण रुपरावच्या मरणाचा त्यानं आपल्या सोयीसाठी वापर केला होता. चौदा वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या अडीच तासांचं दुःख दोघांचं आहे. ते एकटीचंच होतं. त्यानं केसानं गळा कापला होता, आणि कापताना बाई म्हणून हाक मारली होती.

दोन वाजता अंकुरला आत नेलं, आणि अडीचला जागेश्वर आला. लिफ्टमधून निघून तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागला, तशी ती उठून उभी राहिली. व्हरांड्यात दहा-बारा माणसं होती. तिला कोणाचीच लाज वाटली नाही.

“काहून गा जागेश्वर, माह्या तोंडानं काहून बोलला?”

तो खाली पाहत म्हणाला, की डोकंच चाललं नाही. अंकुर बोलत होता, चालत गाडीत बसला, रक्ताचा थेंब नाही. वाटलं मुका मार आहे, दोन दिवसांत बरा होईल. चंदनची पडताळणी पंधरा दिवसांवर आहे. आता गुन्हा नोंदला तर सात वर्षांची मेहनत मातीत जाईल. “पंधरा दिवसाची गोष्ट होती, बाई. मग मीच सगळ्यायले सांगणार होतो.”

“तुह्या पोराचे पंधरा दिवस होते. माह्या पोराचे किती होते, ते इचारलं का कोणाले?”

“मले का माहीत होतं का आत फाटलं म्हणून?”

“तुले माहीत नोतं म्हणून तं सांगाचं होतं ना, गा. ज्याले माहीत असते त्याले तं सांगाचं होतं.” तिचा आवाज चढला नाही, आणि त्यानंच जागेश्वर मागं सरकला. “रुपरावचं नाव काहून घेतलं?”

त्यानं तिचे पाय धरायला हात पुढं केले. तिनं पाय मागं घेतले आणि सांगितलं, की पोरगा आतून जिवंत आला काय नि मेलेला आला काय, तू मला पुन्हा तोंड दाखवू नको. ज्याला मांडीवर वाढवला त्याला असं म्हणूनही तिला शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. तो लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं उतरून गेला.

ऑपरेशन चार तास चाललं. डॉक्टर प्रणाली बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, नळी बसली, हाताला रक्त आहे, बीपी दोन्ही हातांत सारखं आहे. अनुसयाला थँक्यू म्हणायचं होतं. तिनं नुसते हात जोडले आणि जमिनीवरच बसली, आणि तिला उठवायला नर्सला दोनदा यावं लागलं.

पुढचे चार दिवस ती सुखात होती, आणि त्या सुखात एक तिखट भर होती. बाजूच्या पेशंटच्या बायका विचारायच्या, त्यांना ती भावाची गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, सख्ख्या भावानं दगा दिला, पण माझा पोरगा मला मिळाला. अंकुर कमी बोलायचा. आवाज अजून बसलेलाच होता, डॉक्टर म्हणाल्या वेळ लागेल. तिसऱ्या दिवशी त्यानं मोबाइल मागितला. तिनं तो चार्ज करून, पदरानं पुसून त्याच्या हातात दिला.

पाचव्या दिवशी सकाळी पोलीस जबाब घ्यायला आला. हवालदार सुशील, वयस्क, शांत, बगलेत फाइल. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली होती. त्यानं स्टूल ओढून घेतलं, पेन उघडलं आणि अंकुरला विचारलं, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.

“मामाच्या घरी कूलर बसवून राहिलो होतो,” अंकुर म्हणाला. “स्टूल सरकलं. पडलो.”

अनुसयाला वाटलं, औषधाच्या गुंगीत आहे. हवालदारालाही काहीतरी वाटलं असावं. त्यानं फाइलमधला कागद पुढंमागं केला. “दवाखान्यानं तर लोडर लिहिलं आहे. तुमच्या आईनं सांगितलं म्हणून.”

“आई तिथं नोती. तिले कोणी काही सांगतलं असन.” अंकुरनं आईकडे पाहिलं नाही. तो गुंगीत नव्हता.

हवालदार शहाणा होता. त्यानं पेन बंद केलं, पाणी पिऊन येतो म्हणाला आणि पडद्यापलीकडे गेला. अनुसया पलंगाजवळ गेली. तिला विचारायला एकच प्रश्न सुचला, की हे मामानं फोनवर शिकवलं का.

“कोणीच नाई शिकवलं,” अंकुर त्या फाटक्या आवाजात म्हणाला. “मामा तं सीधा मोठ्या दवाखान्यात नेऊन राहिला होता. गाडीत मीच म्हटलं, तिथं जाल तं केस होईन, लहान दवाखान्यात चला, कूलरचं सांगा. आईले मी सांगतलं तं ते मानणार नाई, म्हटलं. तुम्हीच सांगा, म्हटलं.”

“न् रुपरावचं नाव? तुह्या बापाचं?”

त्यानं छताकडे पाहिलं. “तेबी मीच म्हटलं.”

अनुसयानं पलंगाचा दांडा धरला. “तुले ठावूक होतं का, आत फाटलं म्हणून?”

“नाई.”

“रात्री तुहा आवाज गेला. हात थंडा पडला. सकाळी डॉक्टर इचारून राहिला होता, मी इचारून राहिली होती. तवा तं कळलं होतं ना, का काहीतरी मोठं हाय?”

“कळलं होतं.”

“तरी नाई बोलला.”

“बोललो असतो तं चंदनचं गेलं असतं. आम्ही दोघं सात वर्षं पळलो, आई. माहं नाई झालं. एकाचं तरी होऊ दे ना.”

त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या पोरानं असं म्हटलं असतं, तर अनुसयानं त्याची दृष्ट काढली असती. पण या साऱ्या हिशेबात चंदन होता, मामा होता, वर्दी होती, आणि ती कुठंच नव्हती. तो मेला असता तर नंदनवनातल्या त्या दोन खोल्यांत ती कोणासाठी चूल पेटवणार होती, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. ती उशाशी बसून रात्रभर त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि तो डोळे मिटून दुसऱ्याच कोणाचं तरी भलं बघत होता. भावाचा राग तिला आला होता तेव्हा तो रागच होता, अंगात बळ देणारा. हे वेगळं होतं. हे आतून पोखरणारं होतं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. तिला कळेना, की तो आता तरी खरं बोलतो आहे का. गाडीत खरंच त्यानं सुचवलं, की काल मोबाइलवर मामा रडला आणि यानं सगळं अंगावर घेतलं? बापाचं नाव त्याच्या तोंडून निघालं असेल का? तिनं त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. लहानपणी चोरून गूळ खाल्ला तरी ती त्याच्या भुवयांवरून ओळखायची. त्या भुवया तशाच होत्या, पण त्यांवरून तिला काही वाचता येईना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

हवालदार परत आला. त्यानं अंकुरचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. मग उठता उठता, विचारायचं म्हणून विचारलं, बाई, तुमचं काही म्हणणं आहे का.

अंकुर म्हणाला, “आई.” नुसतं तेवढंच, लहानपणी मार चुकवायला म्हणायचा तसं.

अनुसयाला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. मान हलवली असती तर हवालदार गेला असता, चंदनला वर्दी मिळाली असती, भाऊ आठ दिवसांनी पाय धरायला आला असता, आणि पोरगा तिचा राहिला असता. सगळं पूर्वीसारखं झालं असतं. फक्त ते कशावर उभं आहे, हे तिला ठाऊक असतं.

“लिहा,” ती म्हणाली. “पहिले हे लिहा, का मी खोटं बोलली. मंगळवारी, दवाखान्यात. कूलरचं मीनंच सांगतलं. माह्या खोट्यानं माह्या पोराचे बावीस तास गेले.” हवालदार पुन्हा बसला. “मी तिथं नोती, हे बी लिहा. पण पाह्यणारे हायत. पार्वतीबाई हाय. लोडरनं दाबलं. कारखाना माह्या भावाचा, जागेश्वरचा. लोडर चालवत होता त्याचा पोरगा. चंदन.”

“आई, तू दगा करून राहिली माह्याशी,” अंकुर म्हणाला.

चार दिवस बाजूच्या बायकांना सांगताना जो शब्द तिनं भावासाठी वापरला होता, तोच. तिनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, एवढं मात्र तिला वाचता आलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मॉनिटरवरची हिरवी रेघ थोडी वर चढली आणि पुन्हा जागेवर आली. आत नळी आपलं काम नीट करत होती.

हवालदारानं लिहिलेलं हळू आवाजात वाचून दाखवलं, आणि विचारलं, की यात काही बदलायचं का. पोरगा जगला होता. तो आता तिच्याशी बोलणार नव्हता, कदाचित महिने, कदाचित वर्षं, हे तिला कळून चुकलं होतं. नाही म्हणाली, आणि पेन मागून घेऊन अनुसया रुपराव हेडाऊ अशी पूर्ण सही केली.